ठमी अमेरिकेत का खपली नाही

२० डिसें., शनि.

रेल्वे वीर स्टेशनात चक्क वेळेवर! जावईबापू उतरले ते थेट ठमीकडे. आधी तिच्या बॉनेटवरून हात फिरवला, मग मला नमस्कार. म्हटलं चला, सासूचा नंबर दुसरा. लेकीला, मुग्धाला सुट्टी नाही, म्हणून अमेरिकेहून एकटेच आलेत. मुंबईत कंपनीच्या मीटिंगा उरकल्या, आता आठवडाभर इथं.

नेहमीप्रमाणे मागं बसवलं. पुढच्या डाव्या सीटपाशी माझे ड्रायव्हिंग शिकवायचे ब्रेक-क्लच, पाहुण्यानं पाय ठेवायचे कुठं? मागं ऐसपैस पसरून म्हणाले, "आई, हे सुख विमानात नाही." बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, ठमीचं कौतुक झालं की मला माझंच झाल्यासारखं वाटतं.

(रोज 'जावईबापू' कोण लिहीत बसणार. उद्यापासून जा.बा.)

२१ डिसें., रवि.

वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या. जा.बा. मागून मागून जेवले, पण चेहऱ्यावर काहीतरी. ह्यांना राहवलं नाही. शाळा सुटली तरी मास्तरकी कुठं सुटते! उलटतपासणी सुरू.

तर प्रकरण असं. ठमीचीच बहीण, हीच गाडी, तिकडं दुसऱ्या नावानं विकतात. विका म्हणून कंपनीत हट्ट धरला तो जा.बां.नीच. वर्तमानपत्रांत कौतुक, गाड्या चालवून परीक्षा घेणाऱ्यांकडून कौतुक, ज्या थोड्यांनी घेतली तेही खूश. आणि शोरूममध्ये गाड्या नुसत्या उभ्या. आता नवं मॉडेल तयार झालंय. तिकडं पाठवायचं की नाही, याचं मत जा.बां.नी नव्या वर्षाच्या आत लिहून द्यायचं.

"पाठवा म्हटलं आणि पुन्हा आपटली, तर माझी खुर्ची गेली. नको म्हटलं, तर विचारतील, मग इतकी वर्षं काय करत होतास?"

मी भडकले. अमेरिकेतल्या लोकांना गाडीतलं कळतं काय, कप्पाळ! अर्धं महाड हिच्यावर शिकलं. डॉक्टरीणबाई, तलाठी, ते किराणावाले शेठ. एकेकानं गिअर असा काही ओरबाडला की मी डोळे मिटून घ्यायची. हिनं हूं की चूं केलं नाही.

हे म्हणाले, "तुझ्यासारखी सहनशील." बोलतात कोण बघा.

२२ डिसें., सोम.

सकाळी मंगलचा क्लास. पोलादपूरच्या वरच्या वाडीतली, नवरा मुंबईला, शिमग्याच्या आत गाडी घ्यायची म्हणून शिकतेय. हात चांगला आहे पोरीचा. जा.बा. हौसेनं मागं बसले. पाहुणा बघून तिनं आधी दोनदा गाडी बंद पाडली.

जा.बां.नी विचारलं, "मग हीच घेणार ना?"

"लय चांगली हाय म्याडमची गाडी. पन आमच्या ह्यांना उंच पायजे. वाडीवर दिसली पायजे, म्हनतात."

मी म्हटलं, "अगं, गाडी बसायला असते की दाखवायला?"

"दोनी," म्हणाली आणि तिसरा टाकला. जा.बा. मागं खोखो हसले. मला नाही आलं हसू.

दुपारी मुग्धाचा फोन, बापाला ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात. जा.बां.च्या हाताखालच्या दोघांना आधीच नारळ मिळालाय. "आई, त्याला बरं वाटेल असं कर काहीतरी." आता मी काय करणार? बिरडं पुन्हा करीन, फार तर.

२३ डिसें., मंगळ.

आज एक भलतंच कळलं.

सहज विचारलं, चढाला तुम्हाला ठमी कशी वाटते? तर म्हणाले, "मला काय माहीत? तुम्ही कधी दिलीत का चालवायला?"

अगं बाई! खरंच की. लग्नापासून दर वेळी मागं. जावयाच्या हातात स्टेअरिंग द्यायचं म्हणजे त्याला ड्रायव्हर करायचं, शोभतं का ते? तिकडं चालवली म्हणे, पण कंपनीच्या मैदानावर आणि एकदोनदा घरापर्यंत. जीव जडला तो इथं, मागच्या सीटवर, सासूच्या गाडीत, पोट भरलेलं असताना.

आणि मग स्वतःच बोलत सुटले. कंपनीत भांडून सगळा खर्च मागच्या बाजूला करायला लावला. पाय पसरायला जागा, मागं वेगळा एसी, मधे हात टेकायला उशी. जाहिरातीतही मागं आजी बसवली.

"मग तिकडं मागं कोण बसतं?" ह्यांचा प्रश्न.

"कुणी नाही. माणूस एकटाच असतो गाडीत. फार तर कुत्रा."

ह्यांना ठसका लागला. जा.बा. आधी हसले, मग स्वतःशीच पुन्हा म्हणाले, "कुत्रा." मी जाहीर केलं, उद्या आंबेनळी घाट, गाडी तुम्ही चालवायची. मानपान गेला खड्ड्यात.

२४ डिसें., बुध.

जा.बा. चालवायला, डोक्यावर आमचा 'एल'चा बोर्ड. चौकात शेठनी हात जोडले, "म्याडम, जावयालापण सोडलं नाय?" वळण आलं की इंडिकेटरऐवजी वायपर चालू. तिकडं दांड्या उलट्या असतात ना. पोलादपूरपर्यंत कोरडी काच पुसत गेलो.

पण घाटात! काय सांगू. पहिल्या दोन वळणांना मी माझ्या ब्रेकवर पाय ठेवून होते, मग काढला. ठमी अशी वळत होती की आपण मनात आणावं आणि तिनं करावं. चढाला दुसऱ्यात टाकलं की तक्रार नाही, समोरून एसटी आली तर अंग चोरून उभी. जा.बां.चा चेहरा पोरासारखा झाला होता. "आई, ही गाडी नाही हो, ही..." पुढं शब्द सापडला नाही. मला ते फार आवडलं. मलाही कधी सापडला नाही.

परत येताना पुन्हा हायवे, पण जाताना होता तसा मोकळा नाही. तिथं घात झाला.

मी चाळिसाच्या वर जात नाही आणि शिकणाऱ्याला जाऊ देत नाही. जा.बा. तिकडच्या सवयीनं गेले. एमआयडीसीचे टँकर दोन्ही बाजूंनी. खिडकीतून बघावं तर चाक, नुसतं चाक, आपल्या कानाच्या उंचीवर. जा.बां.नी खांदे आत घेतले. मीही घेतले बहुतेक.

बाजूला घेऊन थांबवली. म्हणाले, "हेच आई. तिकडं रोज सकाळ-संध्याकाळ हेच. रुंद रस्ता, चहूकडं डोंगराएवढ्या गाड्या. गाडी कितीही गुणाची असू दे, आत बसलेल्याला आपण खाली आहोत असं वाटतं. घाटातलं वळण तिथं येतच नाही."

मी विचारलं. विचारायला नको होतं की काय, कोण जाणे. "तुमच्याकडं कुठली आहे हो?"

म्हणजे मला माहीत आहे. फोटोत शंभरदा पाहिलीय. काळी, उंच, मुग्धा शिडी चढल्यासारखी चढते तिच्यात. पण हे असं जोडून कधी बघितलंच नव्हतं.

जा.बां.नी गाडी सुरू केली. महाड येईपर्यंत चाळिसाच्या वर गेले नाहीत.

२५ डिसें., गुरु.

जा.बा. सकाळपासून माडीवर लिहीत. मी घुश्शात. ठमीवर नाही, जा.बां.वरही नाही. मग कुणावर, ते माझं मलाच कळेना. भांडी जरा जास्तच वाजली.

चहाला खाली आले ते कागद घेऊनच. इंग्रजीत होतं, पहिलं वाक्य मराठीत करून सांगितलं : "ही गाडी मला मनापासून आवडते, आणि मी ती विकत घेतलेली नाही."

पुढं सगळं उलगडून लिहिलंय. ठेंगणी, गुणी, माफक किमतीची. पण तेवढ्याच पैशात तिथं जुनी का होईना मोठी गाडी येते, आणि लोक ती घेतात. ठमीची तारीफ करतात आणि पुढं जातात. शेवटी मत : नवं मॉडेल तिकडं पाठवू नये.

मुग्धा फोनवर रडकुंडीला आलेली. "ते पहिलं वाक्य तरी काढ! आपणहून मान पुढं करतोयस."

जा.बां.नी माझ्याकडं बघितलं. हेही बघायला लागले. मुलीचा संसार एकीकडं आणि हे एक वाक्य एकीकडं. मी आई आहे, काढा म्हणायला पाहिजे होतं. तोंडातून निघालं, "राहू द्या."

काय माणूस आहे! स्वतःची चूक पहिल्या ओळीत लिहायची म्हणजे छाती लागते. मला अभिमान वाटला. भीतीही वाटली, तीही भरपूर.

२७ डिसें., शनि.

वीरला सोडलं. पोह्याचे पापड, कुळथाचं पीठ, मुग्धासाठी आमसुलं. जाताना जा.बा. पुढं बसले, पाय आखडून, माझ्या ब्रेकला धक्का लागू न देता. मागं बसा म्हटलं, ऐकलं नाही.

२ जाने., शुक्र.

मंगलला पहिल्यांदा हायवेवर नेलं. पाठीमागून टँकर आला. ती नीट चालवत होती, माझाच पाय ब्रेकवर गेला. गाडी बंद. "काय झालं म्याडम?" काही नाही म्हटलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

९ जाने., शुक्र.

सकाळी अंगणात ठमी धूत होते, फोन आला. जा.बा. स्वतः. मीटिंग झाली.

टेबलाभोवती सगळे मोठे लोक. साहेबांनी जा.बां.कडून पहिलं वाक्य मोठ्यानं वाचून घेतलं. मग विचारलं, "इथं बसलेल्यांपैकी कुणाकडं आहे ही गाडी?" जो तो समोरच्या पाण्याच्या बाटलीकडं बघतोय. शेवटी जा.बा. म्हणाले, "माझ्या सासूकडं आहे."

हसले म्हणे सगळे. साहेब नाही हसले. निर्णय गाडीचाही नाही, जा.बां.चाही नाही, दोन्ही पुढं ढकलले. कागद उचलून उठले आणि दाराशी थांबून विचारलं, "सासू खूश आहे का तिच्यावर?"

"मग काय सांगितलंत?"

"विचारून सांगतो म्हटलं. म्हणून तर फोन केला, आई."

ठमीवर बोल म्हटलं की माझी गाडी एरवी थांबत नाही. आज हातात ओला फडका, समोर ती, धुऊन लखलखीत, आणि मला आठवलं ते टँकरचं चाक. तिकडं जा.बा. थांबलेले.

म्हटलं, "उद्या सांगते."