काजळीच्या पाठीची डावी बाजू

प्रिय धाकल्या,

काजळी बरी आहे. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तू सावकाश वाचशील. तुझी सवय मला ठाऊक आहे, शाळेतसुद्धा तू धड्याचं शेवटचं पान आधी उघडायचास. आज सकाळी ती मागच्या मैदानात आपणहून पळाली, कोणी पळवली नाही. शेपूट वर करून एक मोठी फेरी मारली आणि येऊन माझ्या खिशात तोंड घातलं. गाजरं संपली होती, तर खिसाच चावून काढला. तुझी वहिनी आता तो खिसा शिवत बसली आहे आणि म्हणते आहे, घोडी अगदी तुमच्या भावावर गेली आहे, मागितलेलं मिळालं नाही की दात दाखवते.

तू तिला घेऊन आलास त्या दिवसाचं बोलणं माझ्या कानात आहे. गाडीच्या फळीवरून तिला उतरवताना तू तिच्याशीच काहीतरी पुटपुटत होतास. मग माझ्याकडे न बघता म्हणालास, दादा, हिला नीट करून दे, नाहीतर मालक हिला ठेवत नाही. उजवीकडे वळताना ती मान ताठ करते आणि अडते. तू घोडेस्वारी शिकवतोस त्या वर्गातल्या एका मुलीला तिने वळणावर मातीत उतरवलं. मुलगी कपडे झटकून हसत उठली, पण घोडी मालकाच्या मनातून उतरली ती उतरलीच. महिनाअखेरपर्यंत सुधारली तर ठीक, नाहीतर मागेल त्याला देऊन टाकीन, असं तो म्हणाला होता. बिघडलेली घोडी मागणारे लोक कसे असतात, हे तुला मला कोणी सांगायला नको. जाताना तू म्हणालास, माझ्याखाली मात्र ही कधी अडत नाही रे. ते वाक्य मी तेव्हा कौतुकाने ऐकलं.

तू आलास तेव्हा घाईत होतास, दुखऱ्या जनावरांना पुन्हा चालतं करायची ही आमची जागा तू धड पाहिलीही नाहीस. पत्र्याची लांब शेड आहे. एका बाजूला घोडे, दुसऱ्या बाजूला कुत्री, मध्ये डॉक्टरीणबाईंची खोली. घोड्यांच्या बाजूला जमिनीवर लाकडी दांडे टाकून ठेवलेले असतात, त्यावरून पाय उचलून चालवायचं. कुत्र्यांच्या बाजूला एक मोठी काचेची टाकी आहे, तिच्या तळाशी फिरता पट्टा. टाकीत कोमट पाणी भरलं की पाणी अर्धं वजन पेलतं आणि दुखऱ्या पायांना चालायला धीर येतो. सध्या तिथे एक बुटका, लांबट कुत्रा येतो. पाठीच्या ऑपरेशननंतर त्याचे मागचे पाय सुस्त पडले आहेत. दारावर टपाल आलं की तो घर डोक्यावर घ्यायचा, म्हणून त्याच्या मालकिणीने त्याचंच नाव पोस्टमन ठेवलं. त्या निवृत्त शिक्षिका आहेत आणि त्याला अहो-जाहो करतात. चला राजे, आज पाय नीट टाका, काल नुसती टंगळमंगळ केलीत. तो त्यांच्यासमोर असा तरातरा चालतो की बघणाऱ्याला वाटावं, याला झालंय काय? बाई पाणी प्यायला बाहेर गेल्या की मागचे पाय ओढू लागतो आणि जीभ काढून माझ्याकडे बघतो. म्हणून मी बाईंना आता बाहेर बसवतो. त्यांना राग आला होता. मी म्हटलं, बाई, तो तुम्हाला काळजी नको म्हणून नाटक करतो, आणि त्या नाटकात त्याची पाठ दमते. आता बाहेर बाकावर बसून मोठ्याने वर्तमानपत्र वाचतात, म्हणजे आवाज त्याच्यापर्यंत पोहोचतो.

काजळीच्या बाबतीत सुरुवातीला आम्ही सगळे एकाच वाटेने गेलो. आमच्या धंद्यात घोडा अडला की पहिला संशय खुरावर. नालबंद आला, त्याने उजवा नाल काढला, पाहिला, परत ठोकला. डॉक्टरीणबाईंनी पायांचे फोटो काढले, सगळं स्वच्छ. तरी मी आपला तिचा खांदा चोळतोय, पायाला शेक देतोय. काही फरक पडेना. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाय राहू द्या, आता पाठ बघा तुम्ही. तेव्हा मी बाबांसारखं केलं. आठवतं ना, संध्याकाळी टांगा सोडला की बाबा घोड्याच्या अंगावर हात ठेवण्याआधी क्षणभर डोळे मिटायचे? मी विचारलं तेव्हा म्हणाले होते, मनात देवाचं नाव घेतलं की हात घाई करत नाही. मी अजून तसंच करतो. बाईंनी मला सगळे स्नायू नावानिशी शिकवले, पण ते देवाच्या नावानंतर आठवतात. तर तळहात सपाट ठेवून मानेच्या बुडापासून मागे सरकत गेलो. उजवीकडे पाठ भाकरीच्या पिठासारखी मऊ. डावीकडे, खोगीर जिथे टेकतं तिथे, दोरखंडासारखी कडक. जरा दाबलं तर ती खाली वाकली आणि कातडी थरथरली. डावी बाजू अशी आखडलेली असल्यावर उजवीकडे वळायचं म्हणजे तीच बाजू ताणायची. बिचारी अडेल नाहीतर काय करील?

मग शेक, मालिश, आणि गाजराचा व्यायाम सुरू केला. गाजर तिच्या उजव्या कुशीपाशी धरायचं आणि तिला मान वळवून घ्यायला लावायची. पहिल्यांदा ती मान न वळवता सगळी घोडीच गोल फिरली. लबाड आहे. हळूहळू वळू लागली. तिच्या पाठीत ऊब आली, डोळे अर्धे मिटू लागले, आणि मी खूश झालो की मालकाला आता तोंड दाखवता येईल. पण डॉक्टरीणबाई खूश नव्हत्या. म्हणाल्या, बरी झाली हे बरं झालं, पण दुखणं झालं कशाने? हे कळलं नाही तर परत गेल्यावर पुन्हा होईल. खोगीर मागवा.

तू ड्रायव्हरबरोबर खोगीर लगेच पाठवलंस. तुझं स्वतःचं, ज्यावर तू दुसऱ्या कोणाला बसू देत नाहीस ते. बाईंनी ते टेबलावर उलटं ठेवलं आणि मला म्हणाल्या, बघा. उजव्या गादीतली लोकर फुगलेली, जशी भरली तशी. डावी जुन्या उशीसारखी चपटी. पाय ठेवायच्या रिकिबीचा डावा पट्टाही ताणलेला. मी म्हटलं, सगळेच डावीकडून चढतात, पट्टा ताणणारच. बाई म्हणाल्या, पट्टा ताणेल, गादी का बसेल? त्यांनी आमच्याकडचं दुसरं खोगीर काजळीवर चढवलं आणि स्वतः बसल्या. त्या तरुणपणी खूप बसायच्या, हे मला तोवर माहीत नव्हतं. काजळी डावीकडे वळली, उजवीकडे वळली, तेल घातलेल्या बिजागरीसारखी. बाई उतरल्या, लगाम माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, ही एका बाजूचं ओझं वाहून दमली होती, दुसरं काही नाही. मग हात धुवायला निघून गेल्या. कोणाचं ओझं, हे त्यांनी विचारलं नाही. खोगीर कोणाचं आहे ते त्यांना माहीत आहे.

मी तिथेच खोगीर पालथं धरून उभा राहिलो. मला आधी आठवली ती खुर्ची. काजळीला आणण्याआधी तू घरी आलास तेव्हा आम्ही सगळे सतरंजीवर पत्ते खेळायला बसलो आणि तू खुर्ची ओढलीस. म्हणालास, नवी पॅन्ट आहे, गुडघ्याला सुरकुत्या पडतील. तुझी वहिनी हसून हसून लाल झाली, साहेबांना आता सतरंजी टोचते म्हणाली. मग जिना आठवला. तू मध्येच थांबलास आणि खिडकीतून बाहेर बघत म्हणालास, तुमच्याकडे उजेड काय छान येतो रे. त्या खिडकीतून समोरची भिंत दिसते. आणि मग आपली शाळा आठवली. तुझ्या मांडीत खिळा घुसला होता आणि दुसऱ्या दिवशी बाबा टांग्यातून नदीपलीकडे नेणार होते, म्हणून तू कोणाला सांगितलं नाहीस. वर्गात सगळे मांडी घालून बसले आणि तू मागे भिंतीला टेकून उभा. गुरुजींनी विचारलं तर म्हणालास, मला उभ्याने चांगलं ऐकू येतं.

घरी येऊन आईला सहज विचारलं, धाकट्याच्या चालण्यात तुला काही वाटलं का गं? ती लसूण सोलत होती. म्हणाली, चालण्यात नाही. पण माझ्या खाटेवर बसला होता ना, तो उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून चांगला भार देऊन उठला. मला वाटलं, इतक्या दिवसांनी आला, माया करतोय. एवढं बोलून ती थांबली. तिचं तिलाच कळलं. मग लसणीचं ताट बाजूला ठेवून मला म्हणाली, त्याला रागावू नकोस.

रागावलो नाही. उजव्या खुब्यात दुखत असणार. ती बाजू टेकवत नाही म्हणून सगळा भार डावीकडे जातो. कधीपासून, ते तूच जाणे. का लपवलंस तेही मला कळतं. लंगडणाऱ्या मास्तराकडून घोड्यावर बसायला कोण शिकेल, असं तुझ्या मनात आलं असेल, आणि दुसरा धंदा आपल्या दोघांनाही येत नाही. पण एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल म्हणून लिहितो. काजळी तुझ्याखाली अडत नव्हती, कारण तुला सांभाळून चालायची तिला सवय झाली होती. तू डावीकडे झुकायचास, ती स्वतःची पाठ आखडून तुला तोलून धरायची. त्या मुलीने पाठीवर बसून सरळ भार टाकला आणि जो भार सावरायला घोडी तयार होती तो तिथे नव्हताच. म्हणून तोल गेला. मुलीचा दोष नाही, घोडीचाही नाही. मुकं जनावर तुझं दुखणं अंगावर घेऊन फिरत होतं आणि बोल मात्र तिला लागला. हे कळल्यापासून रोज तिच्या पाठीवर हात ठेवताना मला देवाच्या नावाबरोबर तुझीही आठवण होते.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू, छे रे दादा, काही नाही, म्हणाला असतास, वर एक विनोद केला असतास, आणि मीही हसून फोन ठेवला असता. म्हणून लिहायला बसलो. काल तुझ्या मालकाचा फोन आला होता. घोडी बरी का, विचारलं. मी म्हटलं, अगदी बरी. तो म्हणाला, मग तिला झालं होतं काय? मी जरा थांबलो, तर तोच म्हणाला, बघा, आजार नसेल तर खोड आहे, आणि खोडीला औषध नसतं, मी तिला काढून टाकतो. मी म्हटलं, खोड नाही, कारण आहे, आणि ते कारण सोमवारी सांगतो. सोमवारी मी खोटं बोलणार नाही, धाकल्या. मला ते जमणार नाही, आणि खोटं बोललो तर काजळी जाते. पण हे माझ्या तोंडून त्याला कळण्याआधी तुझ्या तोंडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. रविवारी ये. इथे हाडांचे एक चांगले डॉक्टर आहेत, डॉक्टरीणबाईंचे भाऊच, त्यांना विचारून ठेवलं आहे, ते रविवारीही बघतील. मग आपण दोघं मिळून मालकाला फोन करू, तू बोल, मी शेजारी बसतो. काही दिवस मातीत उभा राहून शिकवतो म्हणावं, नाहीतरी तू घोड्यावर असतोस त्यापेक्षा खाली उभा असताना जास्त ओरडतोस. खोगिराच्या गाद्या मी नव्याने भरून घेतो. सतरंजी घालणार नाही, खुर्ची मांडून ठेवली आहे. आणि आईने निरोप दिला आहे, तिच्याच शब्दांत लिहितो: त्याला म्हणावं, खांदा आहे माझा अजून, उठताना हात ठेव, पण या वेळी सांगून ठेव.

तुझाच,
दादा