अर्ध्या फेरीचा सुलतान

त्या दयाळू अल्लाच्या नावाने, ज्याच्यापुढे माझी सुलतानी चालत नाही.

मी, मुईनी हारून बिन शाले, किवांबे बेटाचा सुलतान, राहणार उत्तर आळी, मशिदीशेजारी, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहवून ठेवतो ते असे. माझे पाय गेले आहेत, पण डोकं ठिकाणावर आहे. तसं नसतं तर काझी अबूद समोर बोरू झिजवत बसलाच नसता, कारण वेड्याचं काही तो लिहून घेत नाही. कोणाच्या धाकाने मी हे करत नाही. आजवर लोकच माझ्या धाकात राहत आले, निदान उत्तर आळीतले तरी.

कलम पहिले, घर. हे प्रवाळी दगडाचं घर माझं नाही, माझी मुलगी म्वाना मीझे हिचं आहे. आमच्या रीतीप्रमाणे तिच्या लग्नात ते तिला दिलं, तेव्हापासून मी तिच्याकडे राहतो. म्हणून घर वाटणीत धरू नये.

कलम दुसरे, जहाज. ते मुलगा शेहे याला. "बाबा, मला गादी नको, शीड द्या," असं तो मिसरूड फुटल्यापासून म्हणत आलाय. घे बाबा एकदाचं. चौलचं कापड आणशील तेव्हा बहिणीने सांगितलेला रंग लक्षात ठेव. मागच्या खेपेला तिने निळं सांगितलं आणि तू हिरवं आणलंस.

इथे काझीने बोरू थांबवला. "सुलतान, मृत्युपत्राने तिसऱ्या हिश्श्यापलीकडे देता येत नाही. आणि वारसाला द्यायचं तर बाकीच्या वारसांची संमती लागते." मला हे ठाऊक आहे. शेहे आणि मीझे दोघं समोर बसून मान डोलावतायत, हीच संमती. लिही.

कलम तिसरे. मासे धरायचे वेताचे सापळे मी स्वतः विणलेले आहेत. ते ज्याला खडकांवर ओहोटीला वेळेत पोचता येतं त्याला द्यावेत. म्हणजे माझ्या जावयाला देऊ नयेत. खतीबाला माझी उशी द्यावी. शुक्रवारी त्याचं प्रवचन ऐकताना मी जिला टेकून झोपत असे, तीच. त्याच्याविरुद्ध माझी दुसरी काही तक्रार नाही.

कलम चौथे, शिंग. याच कलमासाठी हा सगळा खटाटोप आहे, तेव्हा काझीने नीट लिहावं.

किवांबेचं हस्तिदंती शिंग दोन तुकड्यांचं आहे. मोठा कर्णा माझ्या पलंगाखाली आहे. फुंकायचा लहान तुकडा दक्षिण आळीत, मकामे बिन खासूच्या घरी आहे. शिंग वाजल्याशिवाय इथे कोणी पुरता सुलतान होत नाही, आणि चांगल्या घरची नवरी उंबरा ओलांडताना शिंग वाजलं नाही तर तिची आई आयुष्यभर हळहळते. माझ्या कारकिर्दीत ते एकदाही वाजलं नाही.

झालं असं. नव्या सुलतानाने बैल पुढे घालून दोन्ही आळ्यांना फेरी मारायची, मग बैल कापून सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं, ही आमची रीत. माझ्या वेळी उत्तर आळीची फेरी झकास झाली. मधल्या विहिरीपाशी आलो आणि बैल बसला. बसला म्हणजे बसलाच. शेपटी पिरगाळली, मिठाचा खडा दाखवला, माझ्या सासऱ्यांनी त्याच्या कानात आयतसुद्धा म्हटली. ढिम्म हलला नाही. आमच्या आळीचे म्हातारे म्हणाले, बैल बसला ती खूण आहे, इथेच कापा. तिथेच कापला.

पलीकडे दक्षिण आळी ओटे धुऊन, नारळाच्या दुधात भात शिजवून वाट बघत होती. शिंग फुंकायचा मान त्यांचा, आणि तो मकामेच्या घराण्याचा. मकामे माझा लहानपणचा मित्र. मदरशात आम्ही एका पाटीवर लिहायला शिकलो. तो पुढे आला, त्याने शिंगाचा लहान तुकडा उपसला आणि कमरेला खोचला.

"ज्या आळीत तुझं पाऊल नाही, त्या आळीची तुला फुंकर नाही," म्हणाला.

"अरे, बैल बसला त्यात माझा काय दोष?"

"बैल बसला. तू तर उभा होतास ना? तुला पाय नव्हते?"

सगळ्या गावादेखत! मी सुलतान, आणि हा मला पाय विचारतो. मी पाठ फिरवून घरी आलो. तेव्हापासून दक्षिण आळीत माझं नाव अर्ध्या फेरीचा सुलतान. पोरंसोरं विहिरीवरून ओरडायची आणि मी ऐकलं नाही असं दाखवायचो. माझी बाजू अजूनही खरी आहे, हे इथे नमूद करावं.

तरी एक गोष्ट लिहिली नाही तर अल्लापुढे तोंड दाखवता येणार नाही. मोठ्या बेटाची जहाजं आम्हाला लुटायला आली, तेव्हा मी उत्तरेच्या किनाऱ्यावर मूठभर माणसं घेऊन उभा होतो. अंधार पडला तसे दक्षिणेच्या किनाऱ्यावर जाळच जाळ दिसायला लागले. दक्षिण आळीने जळण, तुटक्या होड्या, घरांची छपरंसुद्धा पेटवली होती. मोठी फौज आहे समजून जहाजं परत फिरली. मी आभार म्हणून मकामेकडे तांदळाची पोती पाठवली. त्याने ती न उघडता परत धाडली, वर निरोप: "कोरडा तांदूळ काय पाठवतोस? शिजवतो, जेवायला ये." मी गेलो नाही. सुलतान असा बोलावल्या बोलावल्या जेवायला जातो का?

माझं जे झालं ते झालं. आता प्रश्न मीझेचा आहे. माझ्यामागे तिने गादीवर बसावं असं दोन्ही आळ्यांच्या म्हाताऱ्यांना वाटतं. विहिरीच्या पाळ्यांचं भांडण तिनेच मिटवलं, तेही बांगडीचा आवाज न करता. पण दक्षिण आळीने उघड सांगितलंय, शिंग वाजलं नाही तर आम्ही आमचा सुलतान वेगळा बसवू. एवढंसं बेट, एक विहीर आणि दोन सुलतान! पोरीच्या डोक्यावर हे ठेवून मला सुखाने मरता येणार नाही. तिच्या काळजीने मला घास गिळवत नाही, हे काझीने तसंच्या तसं लिहावं.

म्हणून ठरवतो की: मीझेने फेरी पायी मारावी, दक्षिण आळीपासून सुरुवात करावी. बैल पुढे घालू नये, बैलाचा भरवसा नाही. मी मेल्यावर माझा जनाजा आधी दक्षिण आळीतून फिरवावा, म्हणजे राहिलेली फेरी पुरी होईल. शिंग गावाचं, मी नुसता राखणदार. तरी मोठ्या तुकड्याची राखण यापुढे मकामेकडे द्यावी. अख्खं शिंग त्याच्या घरात असू दे, आणि त्याने ते माझ्या मुलीसाठी वाजवावं, एवढी विनंती.

काझी म्हणाला, ज्याच्या नावे काही ठेवायचं त्याला कळवलेलं बरं. तो स्वतः गेला आणि मकामेला हे कलम वाचून दाखवलं. पुढचं माझ्या समोर घडलं तसं लिहवतो.

मकामे काठी आपटत माझ्या दारात आला. मागे त्याच्या आळीतले चार दांडगे तरुण.

"हारून, मेल्यावर येणार म्हणे माझ्याकडे?"

"लिहिलंय तसं."

"तेव्हा जेवणार काय, कप्पाळ?"

"मकामे, मला चालता येत नाही."

"ते मी तेव्हाच विचारलं होतं, पाय आहेत का म्हणून. उचला रे खाट!"

मीझे धावत आली. "काका, बाबांना झेपेल का?"

"एवढी वर्षं हट्ट धरून बसला, ते झेपलं ना? तू चल बाजूने, पायी. आणि पलंगाखालचं ते धूड घे बरोबर."

येथून पुढचा मजकूर दुसऱ्या जागी लिहिला आहे.

खाट निघाली. विहिरीपाशी खांदा बदलायला माणसं थांबली आणि दोन्ही आळ्यांना तो बैल आठवला. मकामे ओरडला, "बसू नका रे, बाबांनो!" तसा जो हशा पिकला, त्यात मीही हसलो, आणि हसता हसता मला रडू आलं ते कोणापासून लपवता आलं नाही. ओट्याओट्यावरून बायकांनी माझ्यावर गुलाबपाणी उडवलं. ज्या पोरांनी मला चिडवलं होतं, ते आता आजोबा होऊन हात हलवत होते. दक्षिण आळी फिरलो, मग मीझेसाठी उत्तर आळीही फिरलो आणि परत मकामेच्या ओट्याशी आलो.

मकामेने तुकडे जोडले, तोंड लावलं, आणि नुसती थुंकी उडाली. "सवय गेली," तो पुटपुटला. दुसऱ्यांदा फुंकलं तेव्हा मशिदीवरची कबुतरं उडाली. ते माझ्यासाठी. मग छाती भरून घेऊन त्याने मीझेसाठी फुंकलं, ते कितीतरी लांब. म्हणजे मी पुरता सुलतान झालो आणि लगेच माजी झालो. आजपासून किवांबेची गादी म्वाना मीझे हिची आहे, तिला दोन्ही आळ्यांनी सलाम केला आहे.

शिंगाच्या राखणीचा मजकूर मकामेच्या सांगण्यावरून रद्द केला आहे. "मोठा तुकडा मीझेकडे, लहान माझ्याकडे, आहे तसंच राहू दे," तो म्हणाला. "एका घरात ठेवलं तर एकमेकांकडे जायला निमित्त काय उरेल? आणि घेणारा साक्षीदार होत नाही. मला सही करायचीय."

साक्षीदार: मकामे बिन खासू, दक्षिण आळी.
साक्षीदार: खतीब हाजी तूवा, उत्तर आळी. उशी घेण्यास नकार दिल्याने साक्षीस पात्र.
लिहिणार: काझी अबूद.

तारीख: शाबान महिना, हिजरी सन आठशे एकोणसाठ.
ठिकाण: दक्षिण आळी, मकामेचा ओटा, जेवण झाल्यावर.

सही: हारून बिन शाले. सहीशेजारी पडलेला डाग नारळाच्या दुधाचा आहे, खाडाखोड समजू नये.