जोडलेली पेटी

६ जाने., मंगळवार
रेकॉर्डरचं अपडेट एकदाचं बसलं. दोनदा अर्ध्यात अडकलं, मी दोन्ही वेळा मशीनला नको नको ते बोलले. आता कापाकापी मशीनमध्येच. फाइल तोडा, नको तो भाग काढा, दोन तुकडे जोडा. जोड पक्का करायच्या आधी ऐकून बघता येतो. चुकलं तर एक पाऊल मागे येता येतं. एकच, पण तेवढं दिलं हेही उपकार. चर्चचं साउंड आणि रेकॉर्डिंग मीच बघते, आजवर यासाठी कॉम्प्युटरपुढे बसावं लागायचं आणि तो चालू होईपर्यंत आईचा स्वयंपाक व्हायचा.
पप्पा आजही भिंतीकडे तोंड करून. पावसाळ्यात लकव्याचा झटका आला. हलका आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. पाय सुधारला, उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मात्र नाही. माझ्या जन्माआधीपासून देवळालीच्या आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवणारा माणूस, आता रविवारी अंग दुखतंय म्हणून घरी थांबतो. तिथे मोबाइलवरच्या तयार म्युझिकवर गातात. अंग दुखत नाही, ते मोबाइलवरचं ऐकवत नाही.

८ जाने., गुरु.
व्यायाम म्हणून का होईना, पेटी वाजवा म्हटलं. मी रेकॉर्ड करते. हो-ना करत बसले. पाच भजनं, प्रत्येक चार-पाच वेळा. मध्येच उसाचे ट्रॅक्टर, ट्रॉलीवर भोंगा लावून, त्यातली गाणी थेट आमच्या माजघरात. ते लांब जाईपर्यंत थांबायचं. पप्पा तेवढ्यात चिडायचे, ट्रॅक्टरवर नाही, स्वतःवर.
करंगळी वेळेवर पडत नाही. ओळ संपली की शेवटचा सूर कितीतरी वेळ धरून राहतात, बोट तिथेच अडकल्यासारखं. मला बघवेना.
ऐकवलं तर दोन ओळींत म्हणाले, "बंद कर त्ये. कोन वाजवतंय ह्ये?" हेडफोन काढून गादीवर टाकले. जेवले नाहीत.

१० जाने., शनि.
सकाळपासून मी खोली बंद करून बसले. टेक २ मधली पहिली ओळ, टेक ४ मधली दुसरी, कडवं टेक १ मधलं. जोड ऐकायचा, थोडा मागे सरकवायचा, पुन्हा ऐकायचा. बोट जिथे उशिरा आलं ती ओळ दुसऱ्या टेकमधून. ओळीच्या शेवटी रेंगाळलेले सूर सगळे छाटले. मूळ फाइली वेगळ्या ठेवल्या. दुपारपर्यंत पाचही भजनं तयार, आणि काय सांगू, अगदी पूर्वीचे पप्पा. मलाच रडू आलं.
त्यांना ऐकवलं. डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर उजवा हात समोर धरून उलटसुलट बघितला. "आगं एस्तेर, ह्ये परवाचंच का?"
परवाचंच, म्हटलं. खोटं नव्हतं.
हसले. किती महिन्यांनी. मग मी पुढचं बोललेच नाही. कोण बोललं असतं?

११ जाने., रवि.
पप्पा चर्चला आले! इस्त्रीचा सदरा, दाढी. आई वाटेत सारखी त्यांच्याकडे बघत होती. उपासना सुटल्यावर ओट्यावर उभे राहून मोबाइलवर भजन लावलं, पाळकसाहेबांना, पंचांना, ज्याला त्याला. "गुरुवारी वाजवलंय. ह्याच हातानं." शांतामावशी, म्हणजे आमच्या मागच्या बाकावरच्या गाणाऱ्या बायांची मुख्य, डोळ्याला पदर लावून म्हणाली, "मास्तर, देवानं हात परत दिला ओ तुमचा."
मी चपला शोधत होते. चपला पायातच होत्या.

१४ जाने., बुध.
शेजारून तिळगूळ आला. पप्पांनी डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू शेजारच्या पोरीला खेळायला देऊन टाकला. "बोटं बरी झाली. आता उगं कशाला दमवायची?" पेटीही उघडली नाही तेव्हापासून. रेकॉर्डिंग ऐकतात तेवढंच.
हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. बरं वाटावं म्हणून केलं आणि होता तो व्यायामही बंद पाडला. शाबास एस्तेर.

१८ जाने., रवि.
व्हायचं ते झालं. सोनईला १ तारखेला भजनसंमेलन, आसपासच्या सगळ्या मंडळ्या येणार. पाळकसाहेब वेदीवरून म्हणाले, "आपल्या बायका गातील, पेटीवर आपले मास्तर." पप्पा उभे राहिले. "वाजवीन." टाळ्या. आईसुद्धा वाजवत होती. मी नुसते हात जोडून बसले, प्रार्थना चालू असल्यासारखी.
आता सगळ्या तालुक्यासमोर त्यांची फजिती होणार आणि ती मी घडवलेली.

२० जाने., मंगळ.
सांगायला गेले, तर ते पेटी पुसत होते. वाजवली. दुसऱ्याच ओळीला करंगळी गेली. पुन्हा. पुन्हा गेली. "थंडी लई हाय," म्हणाले. हात शेकला, पुन्हा बसले. मग हळूच झाकण लावलं.
न सांगता परत आले. भित्री.

२२ जाने., गुरु.
सांगितलं. चहा पिताना, एका दमात. कुठली ओळ कुठून उचलली, कुठे छाटलं, कसं जोडलं. ओरडतील वाटलं होतं. ओरडले नाहीत. बशी खाली ठेवली. "मूळचं हाय का पुसलंस?" आहे म्हटलं. ते सगळं बसून ऐकलं, एकही न सोडता. मी दाराशी उभी.
"किती जनांना ठावं हाय?"
"कुणालाच नाही. आईलाही नाही."
"मग ऱ्हाऊ दे." आणि माझ्याकडे न बघता, "सोनईला तू मशीन लाव. मी नुसती बोटं फिरवतो."
मला आधी कळेचना. ज्या माणसाने मला लहानपणी चर्चमधल्या दानपेटीतलं एक नाणं उचललं म्हणून उन्हात उभं केलं होतं, तो. म्हटलं, पप्पा, देवाच्या घरात?
"देवाला ठावंच हाय. मी मानसांपुरतं म्हनतो."
हो म्हटलं. नाही म्हणायचा हक्क मी दहा तारखेलाच घालवला.

२५ जाने., रवि.
बायका सरावाला घरी आल्या. पेटीमागे छोटा स्पीकर, वर चादर. पप्पा दाराकडे तोंड करून, बाया सतरंजीवर. कुणालाच शंका आली नाही. मीच घामाघूम.
पण गाणं जमेना. बायांची ओळ संपायच्या आत पेटी पुढच्या ओळीला. मागच्या दोघी धापा टाकत अर्ध्यावर सोडायला लागल्या. शांतामावशी शेवटी म्हणाली, "मास्तर, तुमी थांबायचे की ओ आमच्यासाठी! आज काय गाडी धरायची हाय का?"
पप्पांचा चेहरा. हात पट्ट्यांवर तसाच.
सगळ्या गेल्यावर मला विचारलं, "ओळीच्या शेवटाला मी सूर धरून हुतो, त्ये कापलंस?"
"मला वाटलं बोट अडकतंय."
"काही ठिकानी अडकतच हुतं." मग म्हणाले, "काही ठिकानी त्यांच्यासाठी थांबलो हुतो. सवयच ती. घरात कुनी गात नव्हतं तरी. आता कुठलं कुठलं, ते माझं मलाच कळंना."
त्यांच्याजवळ बसून राहिले. फार वाईट वाटलं. अजून वाटतंय.

२८ जाने., बुध.
नवीन जोड. मूळ टेकमधून छाटलेले सूर परत आणून बसवले. पप्पा शेजारी, डावा हात वर. हात खाली आला की ओळ सुटायची. "अजून. अजून थोडं. शांताबाईला दम लागतो." मशीनला पाऊल मागे न्यायला लावून लावून बटण गुळगुळीत झालं असेल. मजा आली, हे लिहायला लाज वाटते, पण आली. इतका वेळ आम्ही दोघं लागोपाठ कधी बसलो होतो?
पण थांबायचं तरी किती? शांतामावशीचा दम रोज सारखा नसतो. मशीन प्रत्येक वेळी तेवढंच थांबणार. पप्पांनाही ते कळतंय.

३० जाने., शुक्र.
मी नळावर असताना आतून पेटी ऐकू आली. मशीन माझ्या खोलीत होतं, म्हणजे तेच वाजवत होते. तीन बोटांत. उरलेल्या दोघांच्या वाटचे सूर सोडून देत होते, किंवा तिसरंच उडी मारून गाठत होतं. ओबडधोबड. पण ओळीच्या शेवटी थांबत होते. आत गेले तर झाकण बंद.
शेजारच्या पोरीकडून चेंडू परत आणलाय. कॉटखाली ठेवलाय, मला दिसणार नाही असा.
आईला एव्हाना सगळं कळलंय. पप्पांनीच सांगितलं म्हणे. भाकरी थापता थापता म्हणाली, "मला इचारू नका. तुमी दोघं लई शाने हाय." नंतर म्हणाली, "लोक हसले तर मला न्हाई बघवायचं, एस्तेर. आन् त्ये सोंगही न्हाई बघवायचं."

१ फेब्रु., रवि., सकाळ
टेम्पो दारात. साउंडचं सामान चढवलं, पेटी आईच्या मांडीजवळ, सतरंजीत गुंडाळून. बाया आधीच मागे बसून हसताहेत. पप्पा पांढऱ्या सदऱ्यात, उजवा हात खिशात. खिशात चेंडू दाबत असावेत.
मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी आधी आपला आपन सुरू करतो. तुज्याकडं बघितलं तर लाव. न्हाई बघितलं तर मशीनला हात लावू नको, कसंबी वाजलं तरी."
बरं म्हटलं. रेकॉर्डर पिशवीत आहे. कार्ड आत आहे. नसलं तर बरं, असं वाटून तपासलं, तर होतं.
सोनईला मिक्सर कुठे मांडायचा ते मीच ठरवणार, नेहमीसारखं. समोर मांडला तर पप्पांनी मान वर केली की मी दिसणार. मागच्या भिंतीला, बायांच्या पाठीमागे मांडला तर त्यांना मी दिसणारच नाही, कितीही शोधलं तरी. मग तीन बोटांवरच सगळं. तशी आपणच वाट बंद करावी असं वाटतं, आणि ऐन वेळी त्यांनी मला शोधलं आणि मी तिथे नाही, हे डोळ्यांसमोर आलं की समोरच मांडावा वाटतं.
आई हाक मारतेय. पप्पा पुढच्या सीटवर बसलेत, आणि माझ्यासाठी जागा धरून ठेवलीय.