बागेखालची मोरी

८ मार्च १९३६

अर्ज परत! म्युनिसिपालटीत बसणाऱ्या पुंजाराम शेठने भर घाटावर वाचला, हसला, आणि माझ्या हातात कोंबला. "इनायतमियां, तुम्ही पागोटी रंगवा. गंगेचं आम्ही पाहू."

पाहताय ते दिसतंयच! घाटाच्या डोक्यावर धर्मशाळा बांधली, यात्रेकरूंसाठी दहा संडास काढले, आणि खाली आमच्या बाया त्याच गोदेच्या पाण्यात हंडे बुडवतात. रंगाऱ्यांच्या गल्लीला नळ कुठला?

गेल्या पावसाळ्यात पटकी आली. आधी माझी बायको गुलजारबी पडली. मग आठ दिवसांनी बहिणीची, बिलकिसची, हाजरा. गुलजारबी उठली. हाजरा सात वर्षांची होती. तेव्हापासून घाटाचं पाणी पाहिलं की माझं डोकं फिरतं. धर्मशाळेची मोरी तिथून हटवल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

९ मार्च

अर्ज नव्याने लिहिला. आता मागण्या दोन. मोरी हटवा, आणि घाटामागची सार्वजनिक बाग नीट राखा — कुंपण, एक रखवालदार, शेळ्या बंद. गुलजारबी म्हणते, "मोरीच्या अर्जात बाग कशाला घुसडता?" घुसडणारच. बाग म्हणजे नुसतं रान झालंय. माणसं तिथे फिरती तर ही घाण कधीच कुणाच्या तरी नजरेला पडली असती.

१२ मार्च

घाटावर फुलं विकणारी भागीबाई. अर्ज वाचून दाखवला तर दोन्ही हात पदराखाली! "गंगा घाण झाली असं लिवलंय? मग माझा अंगठा नाय. आईला कुनी घाण म्हनतं का?"

खोडलं. 'गंगेत घाण सोडतात' असं केलं. लगेच अंगठा दिला, वर अकरा बाया घेऊन आली. हिला घाण चालते, घाण म्हटलेलं चालत नाही! पण बाई कामाची. माझ्या दाढीकडे पाहून जे सही देत नाहीत, ते हिच्या तोंडाला घाबरून देतात.

१५ मार्च

सापडलं! बागेचा माळी देवराम मला गवताच्या एका पट्ट्यावर घेऊन गेला. सगळी बाग वाळलेली, हा पट्टा मात्र गच्च हिरवा. "ह्याला म्या कदी पानी घालत नाय. तरी लय माजतो. खाली जुनी दगडी मोरी हाय, फुटलेली."

पट्टा खाली थेट घाटाच्या पायऱ्यांना भिडतो. वर धर्मशाळेच्या भिंतीपर्यंत जातो, मग झुडपांत शिरतो. झुडपांत मी गेलो नाही. भिंत दिसली, आणखी काय पाहिजे?

१८ मार्च

ओव्हरसियरसाहेबांकडे गेलो. त्यांनी नकाशा पसरला. "धर्मशाळेची मोरी पुलाच्या खालच्या अंगाला पडते. घाटाशी संबंध नाही. तुमच्याकडे पुरावा आहे?"

शेठ तिथेच बसलेला. म्हणाला, "आणि मियां, तुमच्या कढयांचं पाणी कुठे जातं?"

मी म्हटलं, "माझ्या परसात अब्बांनी खोदलेला खड्डा आहे. वीस वर्षांत एकदाही उपसावा लागला नाही. थेंबन् थेंब जमिनीत मुरतो!" शेठ नकाशाकडे पाहू लागला. मजा आली.

पण पुरावा! रंगाऱ्याकडे पुरावा मागतात म्हणजे कमाल झाली. मोरीत रंग सोडतो. पाणी कुठे निघतं ते सगळ्या नाशकाने पाहावं. साहेब कबूल झाले. रविवार, एकोणतीस तारीख.

२१ मार्च

हिरवा ठरवला. लाल घाटावर रोजचाच — कुंकू, गुलाल — कुणाच्या डोळ्यात भरत नाही. भागीबाई म्हणते, "रंगपंचमी झाली की, आता कुनाला रंगवताय?" शेठला!

२७ मार्च

जुम्याच्या नमाजनंतर चौघांनी पाठ थोपटली. बिलकिस दारात उभी होती. "भाई, मोरी बंद होईल ना?" म्हटलं, होणार. करणारच.

२९ मार्च, रविवार

सकाळी आठ. घाटावर अख्खी गल्ली. साहेब, शेठ, शेठचं घड्याळ. धर्मशाळेच्या मोरीत मी स्वतः हिरवं पाणी ओतलं. दोन घागरी.

पायऱ्यांशी काही नाही. दहा मिनिटं. वीस. मग पुलाकडून हाका आल्या. हिरवं पाणी तिथे पडत होतं, पुलाच्या खालच्या अंगाला. नकाशात होतं तिथेच. शेठ हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात भागीबाई ओरडली. "इनायतभाई, हितं लाल!"

पायऱ्यांच्या फटीतून लाल पाणी झिरपत होतं. हंडे भरतात तिथेच. मी बोट बुडवलं. रंग कुणाचा ते मला विचारायला नको. पागोट्यांचा लाल, माझ्या कढईतला. दर रविवारी सकाळी गुलजारबी कढई खड्ड्यात रिकामी करते. आजही केली.

खड्डा भरत नाही, कारण तो खालून फुटलाय. आणि मी वीस वर्षं त्याचीच फुशारकी मारतोय.

३० मार्च

देवरामला घेऊन झुडपं तोडली. जुनी मोरी धर्मशाळेला चाटून पुढे जाते आणि माझ्या परसाच्या भिंतीखाली शिरते. पंधरा तारखेला वीस पावलं जास्त चाललो असतो तर दिसलं असतं.

गुलजारबी शेजारी येऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, "मी आजारी होते तेव्हा माझी अंथरुणं..."

पुढचं मला माहीत आहे. मीच धुतली होती. याच खड्ड्यावर. आणि आठ दिवसांनी हाजरा.

लिहवत नाही. तरी लिहितो. ते पाणी माझ्या परसातून गेलं.

३१ मार्च

शेठची माफी मागितली. त्याने दार लावून घेतलं, खुर्ची दिली. "झालं ते झालं. साहेब काही लिहिणार नाहीत. तुम्हीही गप्प राहा. पोटावर पाय कशाला आणता?"

गप्प बसायचं असतं तर अर्ज कशाला लिहिला? कढयांखालची लाकडं काढली. खड्ड्यात दगड टाकायला सुरुवात केली. मोरी नीट बांधून होईपर्यंत रंगकाम बंद. पोटाचं पाहू. बागेची मागणी मात्र सोडणार नाही. ते रान नसतं तर मोरी उघडी दिसली असती.

संध्याकाळी बिलकिसकडे गेलो. सगळं सांगितलं, अंथरुणांसकट. ती उठून आत गेली.

१ एप्रिल

नवा अर्ज दिला. घाण सोडणारा म्हणून पुंजाराम शेठच्या नावाच्या जागी माझं नाव. तक्रारदारांत पहिला अंगठा बिलकिसचा — स्वतः चालत आली. अंगठा उठवण्याआधी म्हणाली, "पूर्ण वाचा." वाचला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "यात हाजराचं नाव नाही. घाला." घातलं.