पाठीवरचा हात

मंगळवार, संध्याकाळ

शाळेत कविता म्हणताना आम्ही टाळ्यांवर ताल धरायचो, तोच आवाज आज वॉर्डात ऐकला. सिस्टर नातीच्या पाठीवर पोकळ तळव्यानं थापा मारत होत्या, कफ सुटावा म्हणून. घरच्यांना हे जमल्याशिवाय घरी सोडणार नाहीत. मुलगा परगावी, सुनेला पोरीवर हात उचलवत नाही. उरलो मी.

मी मारायला गेलो, तर पोर झोपलीच.

सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, पाळणा म्हणताय व्हय? जोरात मारा की!"

कसं मारू? हा हात थोपटण्यापलीकडे काही शिकलाच नाही. तिच्या छातीतली घरघर तशीच. माझ्याच्यानं होणार नाही हे.

घरी येऊन इतकं लिहितोय, तोच कडी वाजली. दारात नेसरीच्या विहीणबाई, सुनेची आई! लेकीनं मनाविरुद्ध लग्न केल्यापासून उंबरा न चढलेल्या.

"पावणं, नातीचं कळलं. पाठीवर कसं मारायचं ते दावा मला."