नोव्हेंबरातली सही

बेसा, नागपूर

प्रिय काजल,

मंगळवारी तुझा फोन ठेवला आणि तेव्हापासून डोकं नुसतं भणभणून राहिलं आहे. वरणाला दोनदा फोडणी दिली, गॅस तसाच सुरू ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहिली. फोनवर मला धड बोलता आलं नाही. तुला वाटलं असेल, काकूला आनंद झाला. झाला ना, खोटं काहून बोलू! पण जे सांगायचं आहे ते फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र. भूपेशला दाखवायचं की नाही, ते तू ठरव.

तुझे बाबा जाऊन अडीच महिने झाले. तुझी आई गेल्यावर ते एकटे, मी तर आधीचीच विधवा. अकरा वर्षं आम्ही सोबत राहिलो, लग्न न करता, असंच तुम्हा पोरांना सांगितलं. फ्लॅट त्यांच्या नावावर. मृत्युपत्र करा म्हटलं की "तुले काहून घाई झाली वं?" म्हणायचे आणि साऱ्या जगाची कामं करत फिरायचे. तेवढं एक राहून गेलं. मग घर तुम्हा बहीणभावाचं, हे मलाही कळते. भूपेशला ते विकायचं आहे, मिहानकडे त्याने स्वतःचं घर बुक केलं आहे. पोरगा वाईट नाही. खाली मान घालून म्हणाला, काकू, दिवाळीपर्यंत राहा. मी त्याला चहा दिला. ठेकेदाराशी भांडून ओटा मी बसवून घेतला, पडदे मी शिवले, आणि मी दिवाळीपर्यंत! जरीपटक्याला माझ्या अंकुरच्या दोन खोल्यांत त्याची सासू आधीच येऊन राहिली आहे. शिवाय आईचं हे असं राहणं माझ्या पोराला अजून पचलेलं नाही.

आणि त्यात तुझा उपाय. तुम्ही दोघं लिहून देणार की मी तुमच्या बाबांची बायको होती, मी वकिलासमोर तशी शपथेवर सही करायची, म्हणजे तिसरा हिस्सा माझा आणि मला कोणी इथून हलवू शकणार नाही. "खोटं तर खोटं काकू, कोणाचं काय जाते," म्हणालीस. भूपेशही हो म्हणाला म्हणे. सख्ख्या पोरीने केलं नसतं एवढं तू करून राहिली.

पण काजल, मी दर नोव्हेंबरात बँकेत कशावर सही करते, ते तुला माहीत नाही. अंकुरच्या बाबांची रेल्वेची पेन्शन मला मिळते. हयातीच्या दाखल्यासोबत लिहून द्यावं लागते की मी पुनर्विवाह केलेला नाही. केला की पेन्शन बंद. आणि त्या सहीला मला स्कूटीवर न्यायचं कोण, तर तुझे बाबा! मी आत, ते बाहेर टपरीवर तर्री-पोहा खात उभे. एकदा साहेबाने विचारलं, सोबत कोण आहेत? मी म्हटलं, शेजारी. तुझे बाबा घरी येईपर्यंत हसत होते, "शेजारीणबाई, धरून बसा." आधी अंकुरच्या इंजिनिअरिंगची फी होती. तो नोकरीला लागला तेव्हा थांबायला पाहिजे होतं. पण मग या घराचे हप्ते सुरू झाले आणि अर्धा हप्ता त्या पेन्शनमधूनच जायचा. आता बायको म्हणून सही केली तर पेन्शन जाईल, मागचीही परत मागतील, केस होईल की काय कोण जाणे. नाही केली तर घर जाईल. चार दिवसांपासून कधी हे बरं वाटते, कधी ते.

तुला वाटेल, काकू खोटी सही करायला भ्याली. नाही वं. ते खोटं नाही, हीच तर पंचाईत आहे! अकरा वर्षांपूर्वी उमरेडला तुझ्या मीराआत्याने आमचा पाट लावून दिला. विधवेचं दुसरं लग्न आपल्यात असंच लागते, गाजावाजा न करता. देवासमोर बसवलं, म्हाताऱ्या महाराजांनी मंत्र म्हटले, हिरव्या बांगड्या भरल्या, काळी पोत बांधली. नागपूरच्या वाटेवरच मी बांगड्या उतरवल्या. पोत अजून तुरीच्या डाळीच्या डब्यात आहे. "पाट लावला तर काय सरकारले सांगाचं आहे? कर सही," असं तुझे बाबा म्हणायचे, आणि मलाही ते सोयीचं होतं. महाराज गेले, मीराबाई गेल्या, आता तेही गेले. त्यांना उचललं तेव्हा मी शेजारणींच्या मागे उभी होती. ओरडून सांगावं वाटलं की हा माझा नवरा आहे, मला पुढे येऊ द्या. तोंड उघडलंही होतं. आणि पेन्शन आठवली. त्या घडीला, काजल, मला पेन्शन आठवली, आणि मी तोंडाला पदर लावला. पुढच्या शनिवारी वकिलाकडे जायचं आहे. सही करू की नको, मला खरंच कळेनासं झालं आहे. मी चोर आहे की त्यांची बायको आहे? मला तर दोन्ही वाटते. तुला काय वाटते तेवढं सांग, मग घराचं बघू.

तुझीच,
पुष्पलता