एकाच खिशातली काडतुसं

प्रिय बाबा,

इकडे मोंटानात बर्फ सुरू झालाय. मी बरा आहे. तुमचा गुडघा कसा आहे? आईला सांगा, लोकरीचे मोजे रोज घालतो.

तुम्ही सांगितलीत तीच पॉइंट २४३ बोअरची रायफल घेतली. एकीनेच वासरांवर टपणारे कोल्हेही मारता येतात आणि हरीणही. "पण कोल्ह्याची हलकी काडतुसं आणि हरणाची जड, वेगळ्या खिशात ठेव, गाढवा," असं तुम्ही बजावलं होतंत. मी एकाच खिशात ठेवली.

शनिवारी घाईत हरणावर हलकी गोळी झाडली. ती खांद्यावरच फुटली, आत शिरलीच नाही. हरीण लंगडत झाडीत गेलं. शेजारचा रॉस्को आणि मी दोन दिवस रक्ताचा माग काढला, मग बर्फाने तोही पुसला.

रॉस्को म्हणाला, "परवाना कोराच आहे ना? दुसरं मार की, कोण बघतंय?"

इथे एका परवान्यावर एकच हरीण, आणि मारलं की त्यावर तारखेची खाच पाडायची. मी त्याच्यासमोरच ती पाडली. माझं यंदाचं हरीण तेच. नाताळला मांस पाठवता येणार नाही. आईला सांगा, शिकार मिळाली नाही.

रोज सकाळी त्या झाडीवर कावळे उतरलेत का बघतो. अजून उतरले नाहीत, बाबा.

तुमचं अर्धंच ऐकलेला,
ऑर्विल